पावलामावशींची चांदणी

"आईच्या भरवशावर बाळाला सोडत जाऊ नकोस हं," ब्रेडा जिन्यातच म्हणाली होती. "तिचं आता पहिल्यासारखं राहिलं नाही."

ब्रेडा ही पावलामावशींची मुलगी. अधूनमधून कोपर शहरातून यायची, आईच्या फ्रीजमधलं शिळंपाकं फेकायची आणि वृद्धाश्रमाचा विषय काढून जायची. मला वाटलं, ही त्याचीच तयारी. मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं. एरवी झोपलेल्या माझ्या बाळाच्या, लोव्रोच्या श्वासाला कान लावून बसणारी मी, पण मावशींच्या घरात मात्र माझा जीव थाऱ्यावर असायचा.

मी त्यांच्याकडे लेस शिकत होते. लेससाठी नावाजलेल्या इद्रिया गावात जन्मून लेस न येणारी बाई सापडणं कठीण, मी त्यातली. लहानपणी बॉबिन टाकून पुस्तकं धरली होती. आता बाळाला घेऊन आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे जायचे. खिडकीशी टोपलीत भुशाने भरलेली लोडासारखी उशी, तिच्यावर टाचण्यांचं रान आणि दोरे गुंडाळलेल्या लाकडी बॉबिनांची टकटक. बर्फाच्या कणासारखी चांदणी विणणं चालू होतं. सहा पाकळ्या, शेवटची पाकळी क्रोशाच्या सुईने पहिलीत गुंतवायची. माझं घोडं तिथेच अडायचं.

"ओलांड, पीळ, ओलांड. अगं, खांदे काय आवळतेस? दोरा आवळ!"

"सुटतोय तो, मावशी."

"सुटणारच. तुझं सगळं लक्ष त्या बाबागाडीत. झोपलंय ते, पळून नाही चाललंय."

त्या सकाळी बर्फ पडत होता. लोव्रो नुकताच झोपला होता. घरात पाव नव्हता.

"पटकन जाऊन येऊ का?"

"जा की. तोवर तुझी ही पाकळी उसवून ठेवते. कोंबडीने उकरल्यासारखी दिसतेय."

बेकरीत रांग होती. परत आले तेव्हा मावशी खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बाबागाडी जागेवर नव्हती.

"मावशी, लोव्रो?"

"कोण?"

"लोव्रो! इथे गाडी होती ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणीकडे पाहावं तसं, अदबीने. "तुम्ही शिकायला आलात का? बसा ना. बाहेर फार बर्फ आहे."

आजवर त्यांनी मला 'पोरी'शिवाय हाक मारली नव्हती.

मी झोपायची खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं, वेड्यासारखं टेबलाखालीही पाहिलं. धावत जिना उतरले. दारासमोरच्या बर्फात फक्त माझ्याच पावलांचे ठसे होते. गाडीची चाकं उमटलेली नव्हती. म्हणजे तो इमारतीतच होता. पण कुठे? पुन्हा वर पळाले. माझ्या ओरडण्याने घाबरून मावशी ॲप्रनचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. "काय हरवलंय हो तुमचं?"

आणि माझी नजर उशीवर गेली. उशी उघडी होती.

मावशी पाणी प्यायला उठल्या तरी आधी निळं फडकं उशीवर टाकत. धूळ बसली की पांढरा दोरा मळतो आणि मग काही केल्या उजळत नाही. मी विसरले की केवढी बोलणी खायचे. आज पाकळी अर्धवट, बॉबिन लोंबताहेत आणि फडकं कुठेच नाही.

बाळाचं विचारून उपयोग नव्हता. मी त्यांच्या शेजारी बसले. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "मावशी, उशी उघडी टाकलीत?"

"मी? उघडी?" त्या चिडल्याच. मग उशीकडे पाहत म्हणाल्या, "फडकं मागे नेलं ना. वाऱ्याने बर्फ येतो आत. पोराच्या तोंडावर नको का काही?"

"मागे कुठे?"

"सज्ज्यात! पोरं मोकळ्या हवेतच झोपतात. माझी ब्रेडा नाही का तशीच वाढली?"

कपाटाआड, वाळत घातलेल्या चादरींमागे सज्ज्याचं दार होतं. आजवर मी ते पाहिलंच नव्हतं. बाहेर बाबागाडी; वर ताणून खोचलेलं निळं फडकं, त्यावर बर्फ. खाली लोव्रो. नाक लालभडक, गाढ झोपलेला. उचलला तसा संतापून रडायला लागला. मी त्याला रडू दिलं.

मावशी दारात आल्या. माझा चेहरा पाहिला, बाळ पाहिलं, आणि त्या परतल्या. म्हणजे त्यांच्या डोळ्यांत त्या पुन्हा दिसल्या.

"किती वेळ होता गं, पोरी?"

"थोडाच."

त्यांनी फडक्यावरचा बर्फ झटकला, झटकतच राहिल्या. "ब्रेडाला सांगशील?"

मी लोव्रोचे गार हात चोळत राहिले. त्या खिडकीशी जाऊन बसल्या. "ये. सहावी राहिलीय."

लोव्रोला छातीशी धरून मी बसले. त्यांची सुई सफाईने दोऱ्यात शिरली. "बघ. ओढायचा नाही, येऊ द्यायचा." चांदणी पुरी झाली. त्यानंतर ते जोडणं मला कधी चुकलं नाही.

ब्रेडाला मी सांगितलं नाही. बरोबर केलं का, कळत नाही. सांगितलं असतं तर मावशींची ती खिडकी, ती उशी सुटली असती. हिवाळाभर मी सकाळ-संध्याकाळ वर जात राहिले, कधी दोरा तुटला म्हणून, कधी टाचण्या हव्यात म्हणून. बाळाला मात्र कडेवरून खाली ठेवलं नाही. वसंतात नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही ल्युब्ल्याना शहरात आलो. मी फोन करते. कधी त्या 'पोरी' म्हणतात, कधी 'आपण कोण?' विचारतात. गेल्या आठवड्यात फोन उचललाच नाही. ब्रेडाचाही लागत नाही. बाळ तापाने फणफणलंय, मला निघता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी इद्रियात असाल तर चर्चमागच्या गल्लीत, हिरव्या दाराच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जा. चौकशीला आलो म्हणू नका, त्यांना लागेल. चांदणी शिकायला आलो म्हणा. शेगडी बंद आहे ना, तेवढं पाहा. आणि दार उघडायला वेळ लागला, तरी जिना उतरू नका. पुन्हा वाजवा.