खड्ड्यातली विजया

१९५६च्या नोव्हेंबरात मध्य भारत राज्य संपलं आणि शरच्चंद्रांचं सरकारी दफ्तर भोपाळला गेलं, त्याबरोबर तेही. त्यांची बायको विजया उज्जैनलाच राहिली. तिची मुलींच्या शाळेत नोकरी होती आणि घरी सासूबाई, माई.

पंधरा दिवसांनी नवऱ्याचं पोस्टकार्ड आलं. 'चि. सौ. विजयास अनेक आशीर्वाद. तू एका गुहेच्या तोंडाशी उभी आहेस. जवळ कंदील आहे. आत खजिना आहे. काय करशील?'

तिने उलट विचारलं, 'ताप आहे का? जेवण वेळेवर होतं ना?'

'मी बरा आहे. हा खेळ आहे. एका कार्डात एकच गोष्ट करायची.'

तिने लिहिलं, 'कंदील उचलते.' उत्तर लवकर येईना, म्हणून दुसरं कार्ड टाकलं, 'आत जाते.' नेमकं दुसरंच आधी पोचलं.

पोस्टमन मांगीलाल कार्डं वाचूनच आणी. पुढचं त्याने दारातूनच सांगितलं, "बहनजी, आप गड्ढे में गिर गईं. अँधेरा था."

माई तांदूळ निवडत होत्या. "कुठे पडलीस गं? लागलं का?"

"मी नाही पडले, माई. गुहेतली मी पडले."

माईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. "तू रोज शाळेतच जातेस ना?"

दोन दिवसांनी कार्ड आलं, 'कंदिलाचं कार्ड आज मिळालं. पण कंदील बाहेर राहिला. खड्ड्यातून कसा उचलशील?' विजयाने रागाने लिहिलं, 'तो मी आधीच उचलला होता.' उत्तर आलं, 'मला तसं दिसत नाही.'

संक्रांतीला शरच्चंद्र घरी आले. जेवताना तिने विचारलं, "अहो, खजिन्यात आहे तरी काय?"

ते भात कालवू लागले. "तिथवर विचारच केला नव्हता. भोपाळला एका खोलीत आम्ही चौघं. रोज तुला काय लिहायचं? पोळ्या जाड होत्या म्हणून?"

"तेच लिहायचं की," विजया म्हणाली आणि त्यांना आणखी वरण वाढलं.

ते परत गेल्यावर आठवड्याने कार्ड आलं. 'क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मागे नळ. माईंना घेऊन केव्हा येतेस?'

विजयाने ते तीनदा वाचलं. हे क्वार्टर गुहेतलं की भोपाळातलं, काही कळेना. शेवटी तिने मांगीलालला विचारलं.

त्याने कार्ड उलटसुलट केलं. "सच्चा लगता है, बहनजी. पते में क्वार्टर का नंबर लिखा है."

तरी तिची खात्री पटेना. तिने कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'नळाला पाणी किती वाजता येतं?'