नोलाच्या उशाशी नदी

आमच्या गावात पलंगाची उशाकडची बाजू कायम नदीकडे असायची. स्नोई नदी खिडक्यांखालून जायची आणि तिच्या आवाजावर सगळं गाव झोपायचं. वसंतात डोंगरावरचा बर्फ वितळला की पाणी असं धडधडत यायचं की पलंगाचे लोखंडी गज थरथरायचे. तान्ह्या पोराला कुणी अंगाई म्हणत नसे. खिडकी उघडली की झालं.

मग वर डोंगरात, जिंडाबाइनला, धरणाचा बांध झाला. नदी डोंगराच्या पोटातून पलीकडे वळवली, वीज करायला आणि दुसऱ्यांची शेतं भिजवायला. आमच्या वाट्याला एक ओहोळ उरला. पात्रात वाळू साचली, वाळूत विलोची झाडं माजली. जिथे घोडे पोहत जायचे तिथून गाई खूर न भिजवता पलीकडे जाऊ लागल्या. नदीतले प्लॅटिपस, ते बदकाच्या चोचीचे प्राणी, दिसेनासे झाले. आणि गाव रात्र रात्र टक्क जागं. शांततेनं झोप उडते, हे बाहेरच्या माणसाला काही केल्या पटत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीनं, नोलानं, नेमकं त्या बांधाच्या कामावरच्या माणसाशी लग्न केलं. लोयझे स्लोव्हेनियातून आलेला, बोगदे खोदणारा. मी त्याला तोंडावर बांधवाला म्हणायची.

"नदी पळवलीस, आता बहीणही पळवतोस?" लग्नाच्या जेवणातच मी विचारलं.

"पळवतोय कुठे? मीच इथे राहणार," तो म्हणाला. आणि राहिला, गावाचे टोमणे खात.

नोलाला झोप येईना, तेव्हा त्यानं खिडकीखाली पत्र्याचा टब ठेवला आणि टाकीचा नळ त्यात बारीक सोडला. रोज दुपारी, रोज रात्री. दुष्काळात आम्ही तांब्याभर पाण्यात अंग पुसायचो, तेव्हाही नळ चालूच. टबातलं पाणी तो बादलीनं परत टाकीत चढवायचा. मी त्याला खुळा ठरवून मोकळी झाले होते.

पुढे आमच्या केसांची चांदी झाल्यावर कुठे बांधातून वसंतात थोडं पाणी सोडायचं ठरलं. त्यासाठीच्या दर सभेत पहिल्या रांगेत आमचा बांधवालाच.

"तुला रे काय पडलंय?" मी एकदा डिवचलं.

"नोलाला एकदा नदी ऐकवायचीय," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

नोलाला कमी ऐकू येतं हे त्याला ठाऊक होतं. तो मोठ्यानं बोलायचा, ती ओठ वाचायची. पण तिचे कान पुरते गेलेत, हे फक्त मला माहीत होतं. तिनं मला शपथ घातली होती. "त्याला वाटतं मी त्या नळावर झोपते. वाटू दे."

पाणी येणार त्या दिवशी सगळं गाव पुलावर. आधी वास आला, ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा. मग काटक्या ढकलत तपकिरी फेस आला, अगदी सावकाश, वाट विसरल्यासारखा. एकेक दगड पाण्याखाली जाऊ लागला. मी आनंदानं ओरडायचं ठरवून आले होते, पण रडतच बसले.

नोला पाठमोरी उभी होती, कुणाला तरी लॅमिंग्टन केक देत. तिच्या मागे पाणी मोठ्या खडकांवर आदळलं आणि कानठळ्या बसतील असा आवाज झाला. सगळे वळले. ती वळली नाही.

लोयझेनं ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुला ऐकूच येत नाहीये."

"नाही."

"केव्हापासून?"

"झाली काही वर्षं."

"मग नळ?"

"नळ कुठला ऐकू येतोय, वेड्या. तू उठलास की गादी हलायची. माझ्यासाठी उठलास, एवढं कळलं की मला झोप लागायची."

तो पुलाचा कठडा घट्ट धरून उभा राहिला.

दुपारी घरी जेवणं झाल्यावर ती दोघं आडवी झाली. मी खिडकीबाहेर कपडे वाळत घालत होते. सवयीनं तो नळ सोडायला उठला, तसा नोलानं त्याचा हात ओढून पलंगाच्या गजावर ठेवला. गज थरथरत होता.

"आज पडून राहा," ती म्हणाली.

थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू आलं. नोलाचं नव्हे, त्याचं. ती झोपली की नळ बंद करायला कुणीतरी जागं राहत असणार, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.