शालनबाई बसल्या की मी बंद पडायचो

मित्रांनो, चाकणहून शिक्रापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकचं वजन करणारा एक वजनकाटा आहे. त्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये टेबलाखाली जो जुना संगणक बसलेला दिसतो, तो मी. माझ्या एका बाजूचं झाकण हरवलं आहे. तिथे कॅलेंडरचा पुठ्ठा सुतळीने बांधला आहे. त्यावर अजून मार्च महिना चालू आहे.

पिंपरीच्या एका दुकानात मला जोडलं. पहिली आठ वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात नटबोल्टांची चित्रं काढली. दसऱ्याला मला हार घालत. मग नवे संगणक आले आणि मला जिन्याखाली ठेवलं. तिथून मला शेखरने या काट्यावर आणलं.

शेखर चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. त्याचे वडील नानासाहेब बाहेर उभे राहून ट्रक काट्यावर घेतात. त्यामुळे माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसायचं काम शेखरच्या आईकडे, शालनबाईंकडे आलं. त्या सातवी शिकलेल्या. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा माउस हातात धरला आणि पहिले दोन दिवस तो टेबलावरून न उचलता कसा फिरवायचा, हेच शिकल्या. महिन्याभरात त्या न बघता पावती काढू लागल्या. येणारे ड्रायव्हर त्यांना मावशी म्हणत. मलाही बरं वाटे.

मग एके दिवशी विजेचा झटका बसला आणि काट्याची केबल ज्या खाचेत लागायची, ती माझी खाच जळाली. शेखरने मोबाइलवरून एक जोडवायर मागवली. तिचं एक टोक काट्याच्या केबलला बसे, दुसरं माझ्या धड असलेल्या खाचेत. ती वायर मला चालवता यावी म्हणून त्याने माझ्यात एक छोटा प्रोग्रॅमही घातला. अशा प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात.

त्या दिवसापासून मी बंद पडू लागलो. पावतीच्या मधेच सगळा पडदा निळा होई, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येत आणि क्षणभरात मी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. बाहेर ट्रकांची रांग लागे आणि हॉर्न वाजत.

उपाय करायला कुणी कमी केलं नाही. नानासाहेबांनी माझं तोंड पूर्वेला केलं. मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. शेखरने माझा पंखा बदलला आणि माझ्यात एकाच वेळी तीन अँटिव्हायरस भरले. ते तिघे दिवसभर एकमेकांवर संशय घेत बसले आणि मी आणखी मंद झालो. शेजारच्या पंक्चरवाल्याने हे सगळं मोबाइल टॉवरमुळे होतं, असं सांगितलं. त्याचं पंक्चरही टॉवरमुळेच टिकत नसे.

पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. शेखर बसला की मी नीट चालत असे. शालनबाई बसल्या की कोसळत असे. झालं, कारण सापडलं. आईच काहीतरी चुकीचं दाबते, असं शेखर म्हणू लागला. नानासाहेबांनी बरेच दिवस ऐकून घेतलं आणि शेवटी एक तारखेपासून पगारी माणूस बसवायचं ठरवलं.

मित्रांनो, मला त्या वेळी तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी दर वेळी निळ्या पडद्यावर दोष कुणाचा ते लिहून दाखवत होतो. पण पडदा निळा झाला की सगळे कपाळाला हात लावत. वाचत कुणी नसे.

वाचायचा प्रयत्न फक्त शालनबाईंनी केला. इंग्रजी त्यांना धड येत नव्हतं, म्हणून त्या वहीत अक्षरांची चित्रं काढू लागल्या. मी लगेच पुन्हा सुरू होत असल्याने एका वेळी तीन-चार अक्षरंच हाती लागत. मग पुढच्या बंद पडण्याची वाट बघायची आणि तिथून पुढे उतरवायचं. पाच वेळा मी कोसळलो, तेव्हा एक नाव पूर्ण झालं. शेजारी वेळ आणि गाडी कोणती होती, तेही लिहिलेलं.

महिना संपायला दोन दिवस असताना शेखरने चिंचवडहून सुखदा नावाच्या मुलीला बोलावलं. ती संगणक दुरुस्त करते. तिने आधी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग शेखरला दहा गाड्या करायला सांगितल्या. दहाच्या दहा झाल्या. शालनबाई बसल्या आणि तिसऱ्या गाडीला पडदा निळा.

"बघा," शेखर म्हणाला.

सुखदा पडद्याकडे बघतच नव्हती. ती शालनबाईंच्या हाताकडे बघत होती. हात मांडीवर होते.

"काकू, तुम्ही काहीच दाबलं नाहीत?"

"न्हाई. आकडा थांबायची वाट बघत व्हते. गाडी हलत असली की पंधरा-वीस किलोचा फरक पडतो."

सुखदाने शेखरला पुन्हा बसवलं आणि हात मागे बांधून दोन मिनिटं नुसतं थांबायला सांगितलं. दीड मिनिट झालं आणि मी कोसळलो. शेखरचे हात मागेच राहिले.

मग शालनबाईंनी वही पुढे केली. सुखदाने ते नाव वाचलं आणि त्यांच्याकडे बघून हसली. ते त्या जोडवायरच्या ड्रायव्हरचं नाव होतं.

"ड्रायव्हर चुकीचा आहे," ती मोठ्याने म्हणाली.

खिडकीबाहेर दत्तोबा नावाचा ड्रायव्हर उभा होता. त्याचाच ट्रेलर काट्यावर होता. तो गडबडीने आत आला आणि लायसन दाखवू लागला. नानासाहेबही त्याच्याकडे संशयाने बघू लागले. दोघांना समजवायला सुखदाला बराच वेळ लागला. वायर नकली होती, तिचा ड्रायव्हर दुसऱ्याच वायरसाठी बनवलेला होता. काट्याचे आकडे बराच वेळ सलग येत राहिले की त्याचा गोंधळ उडे आणि तो मलाही घेऊन पडे. शेखर आकडा हलत असतानाच पावती काढायचा, म्हणून तो बसला असताना दोष कधी दिसलाच नाही.

सुखदाने वायर काढली, तो ड्रायव्हर पुसला आणि तीनपैकी दोन अँटिव्हायरसना निरोप दिला. माझ्या वयाला चालतं की नाही हे आधी तपासून एक कार्ड आत बसवलं, त्याला केबलची खाच होती. मग दत्तोबाचा ट्रेलर मुद्दाम दहा मिनिटं काट्यावर उभा ठेवला. त्याने दोन चहा घेतले. मी हललो नाही.

नानासाहेबांनी हलत्या आकड्यावर किती पावत्या गेल्या, एवढंच शेखरला विचारलं. शेखर त्या दिवशी शिफ्टला तासभर आधी निघाला. जाताना दारात थांबून म्हणाला, "आई, माझं चुकलं." शालनबाईंनी त्याला डबा दिला.

पगारी माणूस एक तारखेला आला. नानासाहेबांनी त्याला बाहेर ट्रक घ्यायला उभं केलं. परवा एका टँकरवाल्याला घाई होती. बाईंना उठवा आणि तुम्ही बसा, असं तो नानासाहेबांना म्हणाला.

"घाई आसंल तर पुढचा काटा बघा," नानासाहेब म्हणाले. "हितं त्या म्हनतील तवाच पावती निघती."

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. पण तुमच्या घरचं यंत्र रुसलं, तर त्याच्यात नवीन काय घातलं ते आधी आठवा, ते काय लिहून दाखवतं ते वाचा. आणि त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला दोष देण्याआधी, जरा त्याचे हात कुठे आहेत ते बघा.