पत्र्यावरची आग्यामाशी

मी चार चाकांची स्कूटर बोलतेय. आधी हसून घ्या. मला बघून हसला नाही असा माणूस कोल्हापुरात मला भेटलेला नाही, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन जादा चाकं, पुढचा दिवा चकणा, आणि अंगावर रंग म्हणून नाही. नुसता खरवडलेला पत्रा. हा पत्रा असा का, तेच सांगायला बसलेय. मात्र माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. जन्मापासून मी मारच खात आलेय.

माझा पहिला मालक अमरेश, कुरुंदवाडच्या भुसार व्यापाऱ्याचा मुलगा. त्र्याण्णव साली त्याच्या वडिलांनी मला नवीकोरी आणली. मला गिअर नाहीत, किक मारावी लागत नाही, बटण दाबलं की मी सुरू. त्यावरून मित्र त्याला चिडवायचे, "बायकी गाडी घेतलीयास व्हय रं?" मित्रांना उत्तर देता येईना, मग तो राग माझ्यावर काढायचा. कान पिळावा तसा ॲक्सिलेटर पिळायचा. एकदा शिरोळच्या रस्त्यावर असाच संतापात सुटला आणि उसाच्या बैलगाडीच्या मागच्या बाजूला मला नेऊन धडकवलं. त्याचा पुढचा दात पडला. तो उठला, तोंडातलं रक्त थुंकला आणि मला लाथा घातल्या. जणू मीच त्याला तिकडे नेलं होतं.

मग माझी रवानगी कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाली, ज्ञानू मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे कित्येक वर्षं मी धूळ खात पडले होते. माझ्या सीटवर बसून पोरं वडापाव खायची आणि तेलकट हात मलाच पुसायची. माझा जन्म संपला, असंच मी धरून चालले होते.

दोन हजार चार साली एका सकाळी आग्यामोहोळ तालमीचे गुंडू वस्ताद शेडमध्ये आले. ही तालीम मंगळवार पेठेतली. वस्ताद म्हणजे दारातून आडवं यावं लागेल असा माणूस. "मिस्त्री, पोरीसाठी गाडी पायजे. पडता कामा न्हाय," एवढंच ते म्हणाले.

पोरगी म्हणजे क्रांती. वय बावीस. शाळेत असतानाच तिला ताप आला आणि तापाबरोबर गुडघे, घोटे, खुबे सुजले. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. म्हाताऱ्यांचा रोग पोरीला कसा झाला, असं येणारा-जाणारा तिच्या आईला, बायडाबाईंना, विचारायचा, जणू त्यांनीच तो कुठून तरी उसना आणला होता. रोग जन्माचा होता. तेव्हापासून थोरला भाऊ जोतीराम तिला पाठीवर घेऊन फिरायचा. दवाखान्यात पाठीवर, परीक्षेला पाठीवर, कॉम्प्युटरच्या क्लासला पाठीवर. मग तिला छपाईच्या अक्षरजुळणीचं काम मिळालं, शांभवीताईंच्या छोट्या प्रेसमध्ये. जोतीराम फौंड्रीत कामाला. रोज दोन वेळा तिला नेणार कोण? रिक्षा परवडत नव्हती. काम हातचं जाणार म्हणून पोरगी घरात नुसती भिंतीकडे बघून बसली होती.

हे वस्तादांच्या कानावर गेलं आणि त्यांनी तालमीत जाहीर केलं, "औंदा गणपतीला डॉल्बी न्हाय. त्या पैशात क्रांतीला गाडी." बाहेरच्या माणसाला ह्याचं मोल कळायचं नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बी नाही म्हणजे तालमीचं नाक कापलं गेल्यासारखं. पलीकडच्या पेठेतली चिंचेची तालीम आमची वैरी. दोघींचे फुटबॉलचे संघ, आणि दोघींची डोकी सारखीच गरम. त्यांच्या डॉल्बीच्या भिंती छाती बडवत जाणार आणि आमची पोरं हलगीवर नाचणार! पोरं कुरकुरली, पण वस्तादांचा शब्द कोण मोडणार? खरंच सांगते, मनाने मोठी माणसं होती ती. हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढे त्यांना शिव्या देणार आहे.

ज्ञानू मिस्त्रीने मला कापलं, ठोकलं, भाजलं. वेल्डिंगच्या ठिणग्या पोटात गेल्या. दोन जादा चाकं अंगात बसवली तेव्हा मी किंचाळले, पण घणाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? उभी राहिले तेव्हा मात्र ढकलून पडेना. मग तालमीने पेंटर आणला. पिवळाधमक रंग, काळे पट्टे, दोन्ही अंगांना नांगी उगारलेली आग्यामाशी आणि पुढे हातभर अक्षरांत 'आग्यामोहोळ तालीम मंडळ, मंगळवार पेठ'.

नारळ फुटला, हार पडला, भाषणं झाली. वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. क्रांती काठी टेकत माझ्याभोवती फिरली आणि म्हणाली, "वस्ताद, गाडी लई भारी हाय. पर माझं नाव कुठाय?"

"तुझं कशाला? गाडी तालमीनं दिलीया की!"

सगळे हसले. तीही हसली. डॉल्बी सोडलेल्या माणसांना निदान नाव तरी दिसायला हवंच, असं तेव्हा मलाही वाटलं.

जोतीराम म्हणाला, "मी मागं बसतो, पयल्यांदा."

"नगं दादा. मी जातो की एकटी." आमच्याकडच्या पोरी 'मी जातो'च म्हणतात.

ती निघाली आणि पहिल्याच चौकात थांबली. जन्म कोल्हापुरात, पण तिला रस्ते माहीत नव्हते! भावाच्या पाठीवरून तिने इतकी वर्षं त्याची मानच पाहिली होती. तिने एका फुलवाल्या बाईला रस्ता विचारला, चुकली, पुन्हा विचारला, पुन्हा चुकली आणि मोठ्याने हसत सुटली. त्या दिवशी आम्ही उगीचच भटकलो. चुकण्याचं इतकं सुख माणसाला होतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. घरी आलो तर जोतीराम पायरीवर बसलेला. रिकाम्या पाठीचं काय करायचं, ते त्याला कळत नव्हतं.

प्रेस होती ती नेमकी चिंचेच्या तालमीच्या गल्लीत. गल्लीतली पोरं मला बघून ओरडायची, "माशी आली, माशी आली!" क्रांती हॉर्न वाजवून पुढे निघायची. सकाळी तिची बोटं आखडलेली असायची. ब्रेक दाबताना दात-ओठ खायची, पण वेळ चुकवायची नाही. रक्त तपासायला एकटी जायची, औषधं एकटी आणायची. पगारातून आईला लुगडं घेतलं, तेही दुकानात स्वतः जाऊन. इकडे आमच्या तालमीतही कुजबुज सुरू झाली. "तालमीची गाडी रोज त्यांच्या गल्लीत कशाला जातीया?" बघा, गाडी तिची नव्हतीच कधी.

मग फुटबॉलची फायनल आली. आग्यामोहोळ आणि चिंच. शेवटच्या क्षणी आमच्या संघाने गोल मारला. तो ऑफसाइड होता, नव्हता, देव जाणे. मैदानात खुर्च्या उडाल्या, बाटल्या फुटल्या, चिंचेच्या एका पोराचं डोकं फुटलं. त्या संध्याकाळी क्रांती कामावर होती. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

ती प्रेसमधून बाहेर पडली, मला सुरू केलं, आणि गल्लीच्या तोंडाशी ते उभे. हातांत हॉकीच्या काठ्या, विटा.

"आग्यामोहोळाची गाडी! फोडा!"

पहिली वीट माझ्या दिव्यावर बसली. काच क्रांतीच्या मांडीवर सांडली. "थांबा," ती ओरडली, "मला उतरू द्या. गुडघा वळत न्हाय माझा, जरा थांबा!" कोण थांबतंय? एकाने हॉकीने माझा आरसा उडवला. दुसऱ्याने उजवं जादा चाक लाथा घालून वाकवलं. मी कलले. ज्ञानू मिस्त्रीने पडणार नाही म्हणून दिलेली मी, तिला घेऊन दगडांवर आपटले. गोळ्या खाऊन खाऊन तिची हाडं ठिसूळ झालेली. हात मोडल्याचा आवाज मला माझ्या पत्र्यातून आला. तरी काठ्या पडतच होत्या, त्या माशीवर, तिच्या नांगीवर, त्या अक्षरांवर. एक काठी अक्षरांवरून घसरली आणि तिच्या पाठीत बसली.

"आम्ही पोरीला हात लावला न्हाय, गाडी फोडली," असं ते पुढे पोलिसांना सांगत होते. गाडीवर ती बसली होती, हे कोणी बोलत नव्हतं.

शांभवीताई धावत आल्या. कुरुंदवाडकडच्या, तोंडाने तिखट. कानडी-मराठीत शिव्या घालत त्या पोरांच्या अंगावर गेल्या, क्रांतीला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

मला आमच्या पोरांनी उचलून तालमीत आणलं. जोतीरामने मला बघितलं. त्याने कोपऱ्यातली पहार उचलली. त्याच्यामागे पंचवीस-तीस जण निघाले. परत आले ते घामाने भिजलेले, हात रक्ताळलेले, आणि फुशारकी मारत. कोणाचा गुडघा फोडला, कोणाची मोटरसायकल जाळली. "आणि ती प्रेस बी फोडली. कॉम्प्युटर रस्त्यावर आपटला जोतीरामदादानं!"

जिने क्रांतीला रिक्षात घालून नेलं, तिचीच प्रेस! क्रांतीला एका पेठेने खाली पाडलं आणि दुसरीने तिचं काम मोडलं. वर दुसरीला वाटत होतं की आपण तिच्यासाठी लढलो. माझा हॉर्न शाबूत असता तर मी सारी पेठ जागी केली असती.

त्यानंतर मी तालमीतच राहिले, लाल मातीच्या आखाड्याच्या कडेला. मला दुरुस्त कोणी केलं नाही. का, ते पुढचा गणपती जवळ आल्यावर कळलं. माझाच देखावा करायचा ठरला होता! ट्रॉलीवर मला अशीच फुटलेली उभी करायची, शेजारी प्लॅस्टरची जखमी पोरगी, वरून लाल दिवे. "पब्लिक रडंल बघा," पोरं म्हणत होती. एकाने तर माझ्या अंगावर तांबडा रंग शिंपडून रक्तही काढलं.

क्रांतीच्या हाताचं प्लॅस्टर निघालं, त्याच दिवशी दुपारी ती आली. तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईने पाय ठेवायचा नाही, ही रीत. ती उंबऱ्यापाशी थांबली, काठी आत टेकली, मागून एक पाय ओढला, मग दुसरा. सगळे बघतच राहिले.

"क्रांते, भाईर हो," जोतीराम म्हणाला. "आखाडा हाय ह्यो."

"माझी गाडी न्यायला आलोय."

"ती देखाव्यात हाय. आन तू आता कुठं जायाचं न्हाईस. मी हाय न्यायला."

ती माझ्याजवळ आली, पिशवीतून लोखंडी ब्रश काढला आणि माझ्या छातीवरची अक्षरं खरवडायला लागली. पहिल्या फटक्यात 'आ' गेला. हात अजून काडीसारखा, बोटं सुजलेली, पण खरवडत होती. मला आग होत होती. इतका मार खाल्ला जन्मात, पण हा एकच मला हवासा वाटला.

पोरं खवळली. "आम्ही डॉल्बी सोडला हिच्यासाठी! आन ही नाव पुसतीया?"

जोतीरामने तिचं मनगट धरलं, नेमकं मोडलेलं. ती कळवळली. त्याने दुसरा हात उगारला.

"मार की," क्रांती म्हणाली. "दोन पेठांनी मारलंय. तूच तेवढा ऱ्हायलाईस."

तो हात वरच राहिला. मग वस्ताद उठले. सगळ्यांना वाटलं, आता हिला बाहेर काढणार. ते माझ्यासमोर आले, अर्धवट खरवडलेली अक्षरं बघत राहिले आणि म्हणाले, "हात सोड तिचा, जोत्या." पुढे म्हणाले, "पोरी, आम्ही चांगल्यासाठीच लिवलं हुतं गं."

"म्हाईत हाय वस्ताद. पर मी कुठं जातो ते तुमच्या नावानं ठरतंय. मार बी तुमच्याच नावानं मला पडतोय."

वस्ताद खाली बसले. क्रांतीने दोन्ही माश्या खरवडल्या, नांग्यांसकट. कोणी मदतीला आलं असतं तर तिने घेतली नसती. सगळं झाल्यावर ती घाम पुसून भावाला म्हणाली, "आता उचल. मला न्हाय, गाडीला. ज्ञानू मिस्त्रीकडं ने."

जोतीरामने मला पाठीवर घेतलं नाही एवढंच. उद्यमनगरापर्यंत वाकडं चाक हातांनी उचलून धरून त्याने मला ढकलत नेलं. वाटभर रडत होता. मी कोणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा सांगतेय.

चाक सरळ झालं. दिवा नवा बसला, चकणा, आणि हॉर्नही. पेंटरकडे मात्र क्रांतीने मला नेलं नाही. तशीच उघड्या पत्र्याने मला घेऊन ती निघाली आणि चिंचेच्या गल्लीत वळली. मी भीतीने गार पडले. तीच पोरं कट्ट्यावर बसलेली. पोरं उठली, रस्त्यात आली. माझ्या अंगावर माशी शोधू लागली. माशी नव्हती. मग पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं, तिच्या तोंडाकडे.

क्रांतीने ब्रेक दाबला. तिने हॉर्न वाजवला. "सरका. कामावर चाललोय."

एकाने मान खाली घातली आणि बाजूला झाला. मागोमाग बाकीचे. पायरीवर शांभवीताई उभ्या होत्या. कुठून तरी जुना कॉम्प्युटर मिळवून त्यांनी पुन्हा काम सुरू केलं होतं. "बा, बा," त्या कानडीत म्हणाल्या, ये, ये म्हणून. "लग्नपत्रिका तुंबल्यात."

त्याला आता पाच वर्षं झाली. माझा पत्रा गंजतोय, पावसाळ्यात तर जास्तच. क्रांतीची बोटं पहिल्यापेक्षा वाकडी झालीत. काही दिवस ती उठूच शकत नाही. त्या दिवशी मी दारात उभी असते आणि बायडाबाई माझ्यावर गोधडी वाळत घालतात. दुसऱ्या दिवशी ती उठते आणि आम्ही निघतो.

परवा एक नवा नगरसेवक आला होता, मला फुकट रंगवून देतो म्हणत. खिशात त्याच्या नावाचे स्टिकर होते. बाबांनो, कोणाला चाकं द्यायची असतील तर जरूर द्या, हात जोडून सांगते. पण माझ्यावर नाव लिहू नका. आणि ती सकाळी निघाली की कुठे चाललीस, म्हणून विचारू नका.