उचलायला दोघी

संपाच्या दिवशी चिमणी मागच्या गल्लीने कामावर गेली.

चिमणी हे तिचं खरं नाव नव्हे. अंगाने एवढीशी, म्हणून बरोबरच्या सेविका तिला या नावाने हाक मारायच्या आणि घरीही तेच रूढ झालं होतं. ज्या म्हाताऱ्यांना आपलं आपण उठता-बसता येत नाही त्यांच्या घरी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, कपडे बदलायचे, भरवायचं, हे या सेविकांचं काम. काम नगरपालिकेचं, पण नगरपालिका त्यांना आपले कर्मचारी मानत नव्हती. त्यांची संघटना होती, तिलाही वरचे लोक मोजत नव्हते. ‘तो बायकांचा गप्पांचा अड्डा,’ म्हणून उडवून लावायचे. म्हणून संप. मागण्या दोनच होत्या. संघटनेला मान्यता द्या, आणि जड माणसाला उचलायला एकीच्या जागी दोघींना पाठवा.

दुसऱ्या मागणीवर चिमणीची थोरली नणंद अडून बसली होती. ती संघटनेच्या इथल्या शाखेची प्रमुख, राहायलाही चिमणीच्याच घरी. वर्षानुवर्षं माणसं उचलून तिची कंबर कामातून गेली होती, पट्टा बांधल्याशिवाय तिला उभं राहता येत नसे. चिमणीला या कामावर तिनेच लावलं होतं.

“वन्सं, ट्रकवाल्या आजोबांचं कसं होणार?” आदल्या दिवशी चिमणीने विचारलं होतं. आजोबा आयुष्यभर ट्रक चालवलेले, धिप्पाड, आता उजवं अंग लुळं पडलेले.

“त्यांची लेक रजा घेणार आहे. मी स्वतः बोलले तिच्याशी. कुणालाच वाऱ्यावर सोडलेलं नाही.”

चिमणीने मान हलवली. जे सांगायचं ते मात्र सांगितलं नाही. सुपरवायझर बाईंनी तिला बाजूला घेऊन म्हटलं होतं, “कायम करायच्या जागा थोड्या आहेत. त्या दिवशी कोण येतं, ते वर बघणार आहेत.”

आजोबांच्या घराचं दार लेकीनेच उघडलं. हात साबणाने भरलेले.

“अगं, तू कशी? आज संप ना तुमचा?”

“म्हटलं, एकदा बघून जावं,” चिमणी म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजोबांची आंघोळ झाली होती, ते उन्हात बसले होते. करायला काही उरलंच नव्हतं. तरी तिने उगाच चादर झटकली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. तेवढ्यात सुपरवायझर बाई आल्या आणि आजोबांच्या खांद्यावर हात ठेवायला लावून त्यांनी तिचा फोटो काढला.

तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. खाली लिहिलं होतं, सेवा सुरळीत चालू. बायकांचं अवसान गेलं, संप गुंडाळावा लागला. पुढच्या आठवड्यात सभागृहात चिमणीचा सत्कार झाला. नगरपालिकेचे साहेब माईकवर म्हणाले, “आधी कर्तव्य, मग मागण्या. हे हिच्याकडून शिका.” शिकायला सगळ्या सेविकांना मागच्या रांगांत बसवलं होतं. हातात फुलांचा भला मोठा गुच्छ, त्याच्याआड चिमणीने तोंड लपवलं. टाळ्या वाजल्या त्या पुढच्या दोन रांगांतून.

कुणी तिला टाकून बोललं नाही. बोललं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. ती आली की चहा पिता पिता बायकांना कामं आठवायची. घरी नणंद नेहमीसारखीच वागत होती, “आणखी वाढू का?” विचारत होती, आणि चिमणी अर्ध्या ताटावरून उठत होती.

मग आजोबा पडले. न्हाणीघरातल्या स्टुलावरून उठवताना चिमणीचा पाय घसरला, आजोबांचा सगळा भार तिच्यावर आला आणि दोघंही खाली गेले. तिला मुका मार लागला, आजोबांच्या खुब्याचं हाड मोडलं. लेकीने संतापाच्या भरात तक्रार केली. ऑफिसने चिमणीला निष्काळजी ठरवून घरी बसवलं. सुपरवायझर बाईंनी नजर दुसरीकडे वळवली. “माझ्या हातात काही नाही गं. चौकशी आहे. बरोबर कुणालातरी आण.”

“ताईला सांग,” नवरा म्हणाला.

“कोणत्या तोंडाने सांगू?”

“जे आहे त्याच.”

घरात सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून ती संघटनेच्या खोलीवर गेली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली बायकांनी भरली होती. तिला बघताच बोलणं थांबलं.

“काय गं, गुच्छ वाळला वाटतं?” लांबडी म्हणाली. उंचीमुळे तिला सगळ्या लांबडीच म्हणत. दोघीतिघी हसल्या.

“पुरे,” नणंद म्हणाली. चौकशीचं तिच्या कानावर आधीच आलं होतं. “चौकशीला मी जाणार आहे हिच्याबरोबर. हे आपलं काम आहे.”

नणंद जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. चिमणी मागोमाग आली आणि तिथेच तिचा बांध फुटला.

“वन्सं, मी त्या दिवशी आजोबांसाठी गेले नव्हते. कायम करतील म्हणून गेले. बाईंनी तसं सांगितलं होतं.”

नणंद थांबली. तिचा चेहरा उतरला.

“मी सगळ्यांना सांगत फिरले,” ती हळू म्हणाली, “की पोर मनाने हळवी आहे, म्हाताऱ्याच्या मायेपोटी गेली. लांबडीशी भांडले त्यावरून.” “हे आत्ता सांगायला नको होतंस. आता तुझ्या बाजूने बोलताना मला जड जाईल.”

“मग येऊ नका.”

“येणार. तू मला आवडतेस म्हणून नाही येत मी.”

हे वाक्य चिमणीला एखाद्या चपराकीपेक्षा जास्त लागलं.

चौकशीत नणंद शांतपणे बोलली. “एवढीशी बाई, एवढा मोठा माणूस, ओली फरशी. दुसरी बाई द्या म्हणून आम्ही किती दिवस ओरडतोय. तुम्ही दिली नाहीत. आता निष्काळजी कोण ते ठरवा.” तिने चिमणीकडे एकदाही पाहिलं नाही. आजोबांची लेकही आली होती. तिनेच मग साहेबांना विचारलं, “ही मागणी आधीची आहे? मला कुणी सांगितलं का नाही?” आणि तक्रार तिने ऑफिसवर वळवली.

चिमणीला कामावर परत घेतलं. कायम मात्र केलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही.

त्या तक्रारीमुळे वरच्यांना बोलणी करायला बसावं लागलं. संघटनेने चिमणीला बोलायला उभं केलं. नणंदेने तिला एवढंच सांगितलं, “पडलात कसे ते सांग.” तिने सांगितलं. ऐकून साहेब पेन फिरवत म्हणाले, “बाई, एवढं पटत होतं तर संपाच्या दिवशी कामावर कशा आलात?”

टेबलाच्या या बाजूला सगळ्या सेविका बसल्या होत्या. आजोबांची माया, असं सांगून सुटता आलं असतं.

“कायम कराल म्हणून आले,” चिमणी म्हणाली. “तुमच्याच ऑफिसातून तसं सांगितलं होतं. आजोबांची लेक घरी होती. माझी तिथे गरज नव्हती.”

साहेबांचं पेन थांबलं. खाली बसताना तिला शेजारी बघायचा धीर झाला नाही. नणंद मात्र साहेबांना म्हणत होती, “ऐकलंत ना. आता पुढच्या मुद्द्यावर येऊ.”

मान्यता मिळायला त्यानंतरही बरेच महिने गेले, पण मिळाली. जड माणसांकडे दोघी जाऊ लागल्या. चिमणीच्या जोडीला लांबडी आली. ती कामापुरतंच बोलते, ‘धर’, ‘सोड’, ‘हळू’. पहिल्या दिवशी आजोबांना खाटेवर नीट टेकवून झाल्यावर त्यांची लेक कौतुकाने चिमणीला म्हणाली, “तुझ्या हिमतीमुळे झालं गं हे.”

चिमणीने मान खाली घातली. “माझ्यामुळे नाही,” ती म्हणाली, आणि न्हाणीघरात जाऊन फरशी कोरडी करू लागली.