लायसनवरचं कुंकू

घाटकोपरला आमच्या चाळीत जयवंत राहायचा. खाणीतली खडी वाहणारी लॉरी चालवायचा आणि भांडायचा झकास. नळावरून आमचं रोज वाजायचं, तरी संध्याकाळी पानाला चुना तो माझ्याकडेच मागायचा. पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तपासणीत लायसन रद्द झालं. आरटीओच्या साहेबाने लायसनच्या पुस्तकात पानापानावर जांभळा शिक्का मारला, आणि हा रडकुंडीला आलेला बघून पुस्तक त्याला परत दिलं.

दर खंडेनवमीला त्याची बायको जानकी ते लायसन पाटावर ठेवून पुजायची. लॉरी शेठची, मग घरात पुजायला दुसरं होतं काय? पण फोटोला कुंकवाचं बोट लावायची सोय नव्हती. पोलिसाला तोंड दाखवावं लागतं, म्हणून जयवंत ओरडायचा. रद्द झाल्यानंतरच्या नवमीला मात्र तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आता लाय खंय लायचा ता. कोण बघतलो?"

तिने तेलात कालवलेलं कुंकू फोटोतल्या कपाळावर लावलं, पुस्तक मिटलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. त्याने ते पुन्हा कधी मागितलं नाही.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी तो आरे कॉलनीत रखवालदाराची जागा आहे का बघायला गेला, तो परत आलाच नाही. आम्ही शोधशोध शोधलं. शेवटी पोलीस चौकीत कळलं की रस्त्यात कोसळलेल्या एका माणसाला सांताक्रूझकडच्या इस्पितळात नेलं होतं आणि तो तिथेच गेला. अंगात खाकी शर्ट, खिशात तंबाखूची चंची, कागद एकही नाही. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर बेवारस म्हणून उचलणार होते.

जानकीने देव्हाऱ्यातलं लायसन तेवढं घेतलं आणि माझ्याबरोबर निघाली. रेशनकार्ड दिराच्या नावावर, आणि दीर ते घेऊन कणकवलीला गेलेला.

शवागाराच्या दारात टेबल टाकून एक कारकून बसला होता. त्याने पुस्तक उघडून शिक्का बघितला.

"हे रद्द झालंय. हे कसं चालेल?"

"अहो, लॉरी चालवायला रद्द!" मी भडकलो. "तिला काय लॉरी न्यायचीय? माणूस न्यायचाय. नाव रद्द झालं का त्याचं? मी शेजारी आहे, मी ओळखतो त्याला."

"ओळखतो म्हणून कुणीही येतं, साहेब. मागच्या महिन्यात एकाने भलत्याचंच प्रेत नेलं. माझी नोकरी जाता जाता राहिली." तो चिडला नव्हता, दमला होता. "बरं, रद्द तर रद्द. फोटो जुळला तर देतो."

त्याने पान उलटलं. तेल पसरून फोटोतलं सगळं तोंड लाल झालं होतं. नाक कुठे, डोळे कुठे, काही कळेना.

"ह्या माझ्याच हातान झाला," जानकी म्हणाली. मी थांबवायच्या आत तिने पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं आणि फोटो पुसायला लागली. तिच्या स्वतःच्या कपाळावरचं कुंकू अजून तसंच होतं. नवऱ्याच्या कपाळावरचं मात्र ती घासघासून काढत होती. कुंकू निघालं, आणि त्याबरोबर कपाळ, डोळे, मिशा सगळं पदराला लागून आलं. मागे पांढरा कागद राहिला.

कारकुनाने पुस्तक तिच्याकडून घेऊन उजेडात धरलं. "सही येत नव्हती ना त्यांना? अंगठा दिलाय इथे."

अंगठ्याच्या ठशावर आडवी पांढरी रेघ होती. जयवंत क्लीनर होता तेव्हा लॉरी सुरू करायचं हँडल उलटं फिरून त्याचा अंगठा फाटला होता. ती खूण आम्हा सगळ्यांना तो पराक्रम म्हणून दाखवायचा. मी सांगितलं, तसा कारकून पुस्तक घेऊन आत गेला आणि बाहेर येऊन हळूच म्हणाला, "तेच आहेत. बाई, या आत."

ज्या कागदावर त्याला गाडीला हात लावायची बंदी होती, त्याच कागदाने त्याला बेवारस होऊ दिलं नाही. मला त्या कागदाचा राग आला होता, तो तिथेच गेला. पण कारकुनाने तो फाइलला टाचून ठेवला. परत मिळायचा नाही म्हणाला. त्याचाही इलाज नव्हता.

आत हमालांनी चादर बाजूला केली. जयवंतच होता, दाढी वाढलेला. जानकी रडली नाही. कारकुनाने मान हलवली, हमाल चादर परत ओढायला लागले, तेव्हा तिने त्यातल्या एकाचा हात धरला.

"जरा थांबा हां, भाऊ," ती म्हणाली. "ह्येंचा तोंड नीट बघून घेतंय. फोटो आता खंय रवलो?"