एका शेतासाठी ट्रक येत नाही
गावात स्ट्रॉबेरी पहिल्यांदा लावली ती वहिनीने. नात्याने ती एका घरची वहिनी, पण हाक मारायला अख्ख्या गावाची. फळ गोड निघालं, पण शहरात पोचवायचं कसं? बसच्या टपावर पेट्या चढवल्या की निम्म्या फळांचा चेंदामेंदा. व्यापाऱ्याला गावात बोलावलं, तर तो म्हणाला, "एका शेतासाठी ट्रक खाली दरीत उतरवत नाही मी."

दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. वहिनीने घरी येऊन खुरपं उचललं. स्ट्रॉबेरी जमिनीवर लांब फांद्या सोडते आणि फांदी टेकेल तिथे नवं रोप धरते. ती रोपं टोपलीत भरून वहिनी दारोदार वाटायला निघाली.

धाकट्या दिराने वाट अडवली. "वहिनी, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. सगळ्यांनीच लावली तर भाव कोण देणार?"

"आणि एकटीने लावली तर ट्रक कोण आणणार, भावजी? सरका."

रोपं कुणी हौसेने घेतली, कुणी फुकट मिळतात म्हणून. पुढच्या हंगामात गावाचा नूरच पालटला. सुतार दारं-खिडक्या सोडून पेट्यांच्या मागे लागला. बेकरीवाला दबलेली फळं जॅमसाठी नेऊ लागला. मजुरीला शहरात जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये चक्क बसायला जागा मिळू लागली.

आणि ट्रक आला. व्यापाऱ्याने पेट्यांची रांग पाहिली आणि वहिनीला बाजूला घेतलं.

"तुमचा माल चांगल्या भावाने उचलतो. बाकीच्यांचा निम्म्याने. तुम्ही फक्त गप्प राहा."

फळ पिकलेलं, ऊन चढत चाललेलं. पण वहिनी वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे म्हणतात, माझा भाव वेगळा, तुमचा वेगळा. मी म्हणते, सगळ्या पेट्यांना एकच भाव. पटतंय का?"

सुताराच्या बायकोने आपली पेटी उचलली आणि झाडाच्या सावलीत नेऊन ठेवली. तिच्यामागे दुसरी गेली, तिसरी गेली. बघता बघता ट्रकसमोरची जागा मोकळी झाली.

"नासेल सगळं," व्यापारी म्हणाला.

"नासू कशाला देऊ? बेकरीची भट्टी पेटलेली आहे, सगळ्याचा जॅम करू. तुम्ही मात्र रिकामा ट्रक घेऊन चढण चढा."

व्यापारी ट्रकमध्ये बसला, ड्रायव्हरशी काहीतरी कुजबुजला आणि पुन्हा खाली उतरला. "बरं, एकच भाव. पण पेट्या नीट भरलेल्या हव्यात."

"ते शिकवायला तुम्ही कशाला हवेत?" सुताराची बायको म्हणाली, तसे सगळे हसले. व्यापारीसुद्धा.

ट्रक भरून गेल्यावर दीर डोकं खाजवत आला. "वहिनी, माझ्या वरच्या तुकड्यात येईल का हो हे पीक?"

"न यायला काय झालं? पण आधी दगड वेचा."

संध्याकाळी दीर वाकून दगड वेचत होता आणि वहिनी बांधावर बसून, सुटलेले दगड त्याला बोटाने दाखवत होती.